‘ह्याला हे कसं कळलं?’ : डास बोलतात ती कादंबरी गटानं कशी वाचावी

आमच्या वाचनगटात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी दोन गोष्टी हमखास विचारतो. पुस्तक पूर्ण वाचून यायलाच पाहिजे का? आणि मला साहित्यातलं फारसं कळत नाही, चालेल का? पहिल्याचं उत्तर पुढं येईल. दुसऱ्याचं आत्ताच देते. चालेल, उलट बरंच आहे. यंदा आम्ही घेतलेल्या कादंबरीत मधूनमधून डास बोलतात, आणि त्या डासांबद्दल सगळ्यात कामाचं जो माणूस बोलला तो कागलकडं ऊस लावतो. कवितेच्या वाटेला तो आयुष्यात गेलेला नाही.

मंगळवार पेठेत आमच्या माडीवर नऊ-दहा माणसं महिन्यातून एकदा जमतो. कोल्हापुरात वाचनाची परंपरा जुनी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. त्या मानानं आमचा गट म्हणजे कालचं पोर. तरी चार बैठकांत जे चुकलं आणि जे जमलं ते लिहून ठेवते. आमच्यात येणाऱ्याला उपयोगी पडेल, आणि गडहिंग्लज-इचलकरंजीत कुणी स्वतःचा गट काढणार असेल तर त्यालाही.

आधी पुस्तक, मग तारखा

आम्ही घेतलं ते ‘द ओल्ड ड्रिफ्ट’. लेखिका नामवाली सर्पेल, मूळच्या झांबियाच्या. पुस्तक २०१९ चं, २०२० साली त्याला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार विज्ञानकथेचा, त्यामुळं आमच्यातल्या दोघांनी अंतराळयानं येणार म्हणून वाट बघितली. येतात, पण ते वाट बघत होते तशी नाही. झाम्बेझी नदीच्या काठी, व्हिक्टोरिया धबधब्यापासून काही मैलांवर ‘ओल्ड ड्रिफ्ट’ नावाची गोऱ्यांची वस्ती होती, तिथून गोष्ट निघते. १९०४ साली तापानं डोकं जड झालेला एक माणूस हॉटेलात एक चूक करतो आणि त्या चुकीत तीन घराणी एकमेकांत गुंततात, ती थेट नातवंडांपर्यंत. आज्या, मग आया, मग मुलं. मधल्या जागांत डासांचा थवा ‘वुई’ म्हणत बोलतो. स्वतःला माणसाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणवून घेतो, टोमणे मारतो, माणसांच्या मोठेपणाला टाचण्या लावतो.

पुस्तक साडेपाचशे पानांच्या पुढं आहे. एका बैठकीत उरकायला जाऊ नका, आम्ही गेलो होतो. पहिल्या महिन्यात नऊपैकी तिघांचं वाचून झालं, चौघांचं अर्धं, आणि दोघं भडंग खायला आले होते. पुस्तकाचे आज्या-आया-मुलं असे भाग आहेतच, त्याप्रमाणं तीन बैठका धरा आणि शेवटासाठी चौथी. इंग्रजी जड जात असेल तर दोघांत एक प्रत घ्या. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं अडेल तिथं थांबवायचं. चर्चा मात्र मराठीतच. इंग्रजीत सुरू झाली की ज्यांचं इंग्रजी चांगलं तेच बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात, हे मी दुसऱ्या दोन गटांत बघून आलेय.

तारखा धरताना पावसाचं बघा. आमच्या बैठका जून ते सप्टेंबर होत्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडायला लागली की शिरोळकडची माणसं त्या दिवसापुरती धरूच नका. ‘येतो की’ म्हणतील, पण येऊ देऊ नका.

वाचताना दोन पेन्सिली

एक साधी आणि एक लाल. लाल फक्त डासांसाठी. ते बोलायला लागले की समासात उभी रेघ ओढायची. हे भाग दोन-तीन पानांचे असतात आणि नवीन वाचक ते हमखास गाळतो. नाटकाची नांदी चालू असताना आपण बाहेर चहा पीत उभे राहतो, तसंच. मी स्वतः पहिल्या वाचनात दोन गाळले होते. तिसऱ्याला आल्यावर कळलं की घरातल्या माणसांना आपल्याबद्दल जे माहीत नाही ते हे लोक सांगून मोकळे झालेत. परत मागं जावं लागलं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: कादंबरी अर्धी राहिली तरी या, पण डासांचे तेवढे भाग वाचूनच या. तेही मोठ्यानं. पुस्तक उघडतं तेच गुणगुणण्यानं. ते मनातल्या मनात वाचलं तर छपाईची चूक वाटते. मोठ्यानं वाचलं की हात आपोआप कानाशी जातो.

शेवटच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढा. सिबिला, अ‍ॅग्नेस आणि माथा या तीन आज्या वरच्या ओळीत. एक इटालियन, एक इंग्रज, एक झांबियातली. खाली जागा सोडा. आमच्याकडं घराघरांत भाऊबंदकीची वंशावळ तोंडपाठ असते, सात-बारावर सतरा नावं असतात, त्यामुळं हे काम आमच्या गटातल्या बायकांनी अर्ध्या तासात उरकलं. एकीनं तर कोण कुणाची सून लागली असती याचाही हिशेब मांडला.

एक सूचना. माथा ज्या अंतराळ मोहिमेत सामील होते ती लेखिकेच्या डोक्यातून आलेली नाही. एडवर्ड मुकुका न्कोलोसो हा खराखुरा माणूस होता आणि १९६४ मध्ये, म्हणजे झांबिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यानं खरंच चंद्र-मंगळावर माणसं पाठवायची तयारी चालवली होती. त्यात माथा म्वाम्बा ही मुलगी होती, मांजरंही होती. हे आधी सांगितलं नाही तर बैठकीचा पहिला अर्धा तास ‘असं कुठं असतं का’ यात जातो.

आठवडाभर डास बघा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. निवेदक माणूस असला की त्याचं शरीर आपल्याला ठाऊक असतं. भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. निवेदक डास असला की आपण त्याला गपचूप माणसाचे डोळे आणि माणसाचं डोकं चढवतो, आणि मग तो नुसता पंखवाला माणूस उरतो. ते होऊ द्यायचं नसेल तर खरा डास काय करतो हे आधी माहीत पाहिजे.

चावते ती फक्त मादी. अंडी घालायला तिला रक्त लागतं. एरवी नर काय आणि मादी काय, फुलातल्या आणि झाडाच्या गोड रसावर जगतात. संध्याकाळी अंगणात डोक्यावर जो थवा घोंघावतो तो बहुतेक नरांचा. माद्या त्या थव्यात जोडीदार शोधायला शिरतात. मादीच्या पंखांची गुणगुण खालच्या सुरात असते, नराची वरच्या. नर ती आपल्या केसाळ मिशांनी ऐकतो. माणूस शोधताना मादीला आधी लागतो आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, मग अंगाचा वास, आणि जवळ आल्यावर ऊब. म्हणजे तिच्या लेखी आपण आधी श्वास असतो. चेहरा तिच्या यादीत नाही. ‘ती सुंदर होती’ हे वाक्य डासाच्या तोंडी आलं तर तांबडी पेन्सिल काढा. ‘ती गरम होती, भराभर श्वास घेत होती’ असं आलं तर लेखिकेनं अभ्यास केलाय.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं. माळ्यावरच्या जुन्या बादलीतलं पाणी काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा घट्ट बांधा आणि रोज पाच मिनिटं बघा. अळ्या श्वास घ्यायला वर येतात. घरातल्या नेहमीच्या डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून लटकतात, डोकं खाली. हिवतापाच्या डासाच्या, म्हणजे अ‍ॅनोफिलीसच्या, पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात. मोठा झाल्यावर हाच अ‍ॅनोफिलीस भिंतीवर बसला की मागचा भाग वर उचलून तिरका बसतो. पाहून झालं की बरणी कोरड्या मातीत ओतायची, गटारात नाही. आमच्या एका सभासदानं ओतायची राहिली आणि ओढणीला भोक होतं. त्याच्या घरच्यांनी गटाचं नाव टाकलं.

आपल्याशी या प्रकरणाचा संबंध लांबचा नाही. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉसनं पाहिले ते सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ ला. त्याला १९०२ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे कादंबरीतला तो तापकरी माणूस १९०४ साली हॉटेलात चूक करतो तेव्हा ताप कुठून येतो हे जगाला जेमतेम सात वर्षांपूर्वी कळलेलं आहे. पहिल्या बैठकीला मी हाच प्रश्न टाकते: या गोष्टीतली पहिली चूक कुणी केली? माणसानं, की त्याला ताप देणारीनं?

तुम्ही दुसरं पुस्तक घेतलं असेल तर त्या किड्याची माहिती काढा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. फुलं कुठं आहेत हे ती पोळ्यावर नाचून सांगते. ही नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं. माशीला पायांनी चव कळते. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात. वाळवी मुंगीची बहीण नाही, झुरळाच्या नात्यातली आहे. एवढ्या भांडवलावर सहज तासभर भांडता येतं.

बैठक : डबा, गूळ आणि एकच प्रश्न

आमच्या पहिल्या बैठकीची सूत्रं माझ्याकडं होती. बावीस प्रश्न टाइप करून नेले होते. पहिल्याच प्रश्नाला, ‘डास हे कशाचं प्रतीक आहेत?’, एक निवृत्त प्राध्यापक बोलायला लागले. वसाहतवादाचं, मग भांडवलशाहीचं, मग इतिहासाचं, मग मृत्यूचं. चाळीस मिनिटं. सोफ्याखाली मच्छर अगरबत्ती धुमसत होती. निवेदकांना आम्ही धूर दाखवत होतो आणि वर त्यांच्याबद्दल आदरानं बोलत होतो. शेवटी कागलचे काका हळूच म्हणाले, "सर, परतीक असंल, पर त्या डासाला हे समदं कळलं कसं? त्यो हुता का तितं?"

तिथून बैठक सुरू झाली.

तेव्हापासून टेबलावर पत्र्याचा डबा असतो. पहिल्या तासात ‘प्रतीक’ म्हटलं की पाच रुपये. दुसऱ्या तासात फुकट. प्राध्यापकांनी दुसऱ्या बैठकीला येतानाच पन्नासची नोट टाकली आणि ‘ॲडव्हान्स’ म्हणाले.

आणि काकांचा प्रश्न हा आमचा पहिला प्रश्न झाला: ह्याला हे कसं कळलं? डासांचा एक भाग मोठ्यानं वाचायचा आणि वाक्यावाक्याला थांबून हे विचारायचं. हे डासाला कळण्यासारखं आहे का? हे एका डासाला कळेल, की शंभर वर्षांच्या थव्याला? एक डास काही आठवडे जगतो. वर्षाला दहा-पंधरा पिढ्या धरल्या तरी १९०४ पासून आजपर्यंत हजाराच्या वर पिढ्या झाल्या. माणसांच्या तीन-चार झाल्या. मग हजार पिढ्यांची आठवण कुणाकडं आहे? इथं कुणीतरी म्हणतं की लेखिकेनं सवलत घेतली. घेतलीच आहे. कुठं घेतली आणि कुठं घेतली नाही, तेच शोधायचं असतं.

तिसऱ्या बैठकीला काकांनी नव्या गुळाची अर्धी ढेप आणली. चहा होईपर्यंत ती कागदावर तशीच राहिली. खिडकीच्या चौकटीतून काळ्या मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून चढून आली. कुणी फुंकर मारायच्या आत मी थांबवलं. आमच्यातल्या एका मुलीनं रांगेवरून आडवं बोट फिरवलं, बोटभर जागा पुसून काढली. मागून येणारी मुंगी तिथं आली आणि थांबली. मिशा हलवल्या, डावीकडं गेली, परत आली. तिच्या मागं दुसरी, तिसरी, अशी गर्दी झाली. टोल नाक्यावर होते तशी. मग एक जरा वाकडी होऊन पलीकडं गेली, तिला पुढची ओळ सापडली, आणि थोड्या वेळात रांग पुन्हा सरळ. मुंग्या जाताना वासाची रेघ ठेवत जातात आणि मागच्या ती वाचत येतात, हे सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं. डोळ्यांसमोर बघितलं ते त्या दिवशी. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे रस्ता एकाही मुंगीला माहीत नाही. रांगेला माहीत आहे." थव्याच्या निवेदनावर याहून चांगलं वाक्य आमच्या चारही बैठकांत कुणी बोललं नाही. प्राध्यापकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तुम्ही गूळ नाही आणला तरी चालेल, पण काहीतरी जिवंत समोर ठेवा.

झीलकरी आठवा

मधूनमधून येऊन बोलणारा थवा म्हटल्यावर समीक्षेची पुस्तकं ग्रीक नाटकातल्या कोरसकडं, म्हणजे एकसुरात बोलणाऱ्या घोळक्याकडं, बोट दाखवतात. नवीन माणूस तिथं गप्प होतो. त्यापेक्षा त्याला पोवाडा आठवायला सांगा. शाहीर पुढं गातो, मागं झीलकरी उभे. त्यांचं काम री ओढायचं, ‘जी जी’ म्हणत सूर धरून ठेवायचं. कोल्हापूरच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. मग विचारा: हे डास झीलकरी आहेत का? आमच्याकडं यावर मतं फुटली. झीलकरी शाहिराला दुजोरा देतात. हे तर गोष्ट सांगणाऱ्यालाच आडवं जातात, म्हणून एका काकूंचं म्हणणं पडलं की हे झीलकऱ्यांच्या रांगेत घुसलेले तमाशातले सोंगाडे. मला ते पटतं. सोंगाड्याला राजाची टिंगल करायची मुभा असते, कारण त्याला कुणी मोजत नाही.

आम्ही की आपण

इंग्रजीत थवा ‘वुई’ म्हणतो आणि सुटतो. मराठीत तसं सुटता येत नाही. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. त्यात ‘आपण’ आदरार्थीही असतं, त्यामुळं डासानं चावण्याआधी ‘आपण बसावं’ म्हटलं तर तो खवचटपणा होतो.

गृहपाठ असा: डासांच्या कुठल्याही भागातली चार वाक्यं निवडा आणि मराठीत करा. चांगलं भाषांतर करायचं नाही, फक्त ‘आम्ही’ की ‘आपण’ ते ठरवायचं, आणि का ते एका ओळीत लिहायचं. आम्ही नऊ जणांनी हे केलं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागांना सगळ्यांनी ‘आम्ही’ लावलं. वैरीच तो, आपल्यात कशाला घ्यायचा. शेवटच्या भागाला पाच जणांनी ‘आपण’ लावलं, आणि चौघं शेवटपर्यंत अडून बसले. शेवटाकडं या निवेदकांना स्वतःबद्दलच शंका येते, एवढंच सांगते. बाकी वाचा.

हे करताना आणखी एक गंमत हाती लागली. मराठीत डास पुल्लिंगी, ‘डास चावला’. चावते ती मादी, आणि भाषेनं आळ घेतला नरावर. रातकिडाही पुल्लिंगी, आणि तो किर्र करतो तो खरोखर नरच. म्हणजे एके ठिकाणी भाषा चुकली, एके ठिकाणी बरोबर. मुंगी, माशी, मधमाशी, वाळवी स्त्रीलिंगी. झुरळ बिचारं नपुंसकलिंगी. पण थव्याला मराठीत बोलायला लावलं की लिंगच नाहीसं होतं. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ हे सांगावं लागतं, ‘आम्ही आलो’ सगळ्यांचंच. लेखिकेचा थवा नरांचा की माद्यांचा, यावर तुमच्यात भांडण लागलं तर मिटवू नका. भडंग पुढं करा.

जे हमखास होतं ते

कुणीतरी मुक्ताबाईंच्या आकाशात उडालेल्या मुंगीचा विषय काढेल. काढू दे, पाच मिनिटं. त्यापेक्षा कामाची आहे ती कुंभारमाशी. संतसाहित्यात दृष्टांत आहे की ती अळीला आपल्या घरट्यात कोंडते आणि अळी तिचं ध्यान करत करत स्वतःच माशी होते. खरा प्रकार असा की कुंभारमाशी अळीला डंख मारून लुळी करते आणि मातीच्या घरट्यात ठेवते ती आपल्या पिल्लाचं जेवण म्हणून. अळी खाऊन संपते आणि घरट्यातून बाहेर पडते माशी. बघणाऱ्यानं आत गेलेली अळी बघितली, बाहेर आलेली माशी बघितली. दोन्ही खरं, आणि मधला अर्थ साफ चुकला. डासांनी माणसांच्या घरात जे बघितलं त्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला असेल कशावरून? हा प्रश्न दुसऱ्या बैठकीत टाका, पहिल्या नको. पहिल्या बैठकीत माणसं अजून निवेदकावर विश्वास ठेवत असतात.

कुणाला किळस येते. येऊ दे, जबरदस्तीनं बरणी हातात देऊ नका. एक बाई दोन बैठका दाराशीच बसल्या होत्या. तिसरीला आत सरकल्या, गुळामुळं.

धरणाचा भाग आला की चर्चा डासांवरून सुटेल. झाम्बेझीवरचं करीबा धरण १९५५ ते १९५९ मध्ये बांधलं, त्यात सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना गाव सोडावं लागलं. आमच्यात दोन घरं धरणग्रस्तांची आहेत. त्या संध्याकाळी मी घड्याळाकडं बघितलं नाही आणि डबाही बाजूला ठेवला. धरणाच्या पाण्यावर नंतर एक तण माजलं, हे ऐकल्यावर सगळे एकदम म्हणाले, "रंकाळ्यातलं केंदाळ!" केंदाळ वेगळी वनस्पती, ते तण वेगळं, पण दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पाहुण्या, आणि अडलेल्या पाण्यात डासांची सोय दोन्हीकडं.

शेवटच्या बैठकीला दहा ओळी

प्रत्येकानं आपल्या भागातला एक किडा निवडायचा आणि त्याच्या तोंडून दहा ओळी लिहून आणायच्या. कथा नको, कवितेला तर हात लावू नका. त्या किड्याला जे कळू शकतं तेवढंच लिहायचं. नवीन माणसाला हे अवघड वाटतं, पण कादंबरी कशी बांधली आहे हे शंभर पानांच्या चर्चेनं कळत नाही ते इथं कळतं. चौथ्या ओळीला आपण अडतो. इथून पुढं किड्याला काय माहीत?

एकानं राधानगरीच्या जंगलातले पावसाआधीचे काजवे घेतले आणि ते सुंदर सुंदर होत वाहून गेले. कागलच्या काकांनी हुमणी घेतली. उसाच्या मुळ्या कुरतडणारी पांढरी अळी. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला तिच्याबद्दल आणि २००२ साली उसावर पडलेल्या लोकरी मावा या किडीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. वळवाचा पाऊस झाला की हिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंबावर-बाभळीवर जमतात. तेव्हाच शेतात दिवा टांगून खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं घमेलं ठेवतात, प्रकाश सापळा म्हणून. काकांनी कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं. त्यांच्या परवानगीनं दोन-तीन ओळी देते: "आम्ही मुळी खातो. ऊस गोड असतोय हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई. वरनं पाणी आलं तवा आम्ही वर गेलो. ज्ये उजेडाकडं गेलं त्ये सांगायला परत आलं न्हाईत, म्हणून उजेडात काय असतंय ते आमाला ठाव न्हाई."

माडीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्राध्यापकांनी तोंड उघडलं, थांबले, आणि डब्यात पाच रुपये टाकले.

प्रती परत घेताना

गटाच्या प्रती असतील तर चौथ्या बैठकीलाच गोळा करा, नाहीतर दिवाळीपर्यंत फिरत राहतात. कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक प्रत चाळा. पावसाळ्यात पानं ओल धरतात आणि कसर लागते. चार दिवस वाऱ्यावर उभी ठेवली तर बरं. चाळताना समासातल्या खुणा वाचायला मिळतात, ते वेगळंच वाचन. आमच्या एका प्रतीत, लाल रेघ ओढलेल्या पानावर, एक डास चिरडून चिकटलेला होता. भोवती रक्ताचा वाळलेला ठिपका. कुणीतरी त्याला पेन्सिलीनं गोल केला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मादी’.